मेणाच्या दोऱ्याची गाठ

घरातलं इंटरनेट मंदावलं आणि टेलिफोनकाकांची तब्येत एकदम सुधारली.

एरवी रिटायर माणसाचा दिवस तो काय! पेपर पुढून मागे आणि मागून पुढे वाचायचा, बाल्कनीतून खाली कोण कुठे चाललंय ते बघायचं, आणि काकूंनी 'अहो, पाय वर घ्या' म्हटलं की फरशी पुसून होईपर्यंत पाय वर धरून बसायचं. ज्या माणसानं उभी हयात टेलिफोन खात्यात काढली, रस्त्यातल्या खड्ड्यांत उतरून मनगटाएवढ्या केबलमधल्या रंगीबेरंगी तारा एकेक करून जोडल्या, त्याच्यावर ही वेळ. सोसायटीत सगळे त्यांना अजून टेलिफोनकाका म्हणत, पण टेलिफोन कुणाकडेच राहिला नव्हता. मोबाइल बिघडला तर लोक दुकानात जात. काकांना फक्त नमस्कार करत.

आणि त्या दिवशी सूनबाई स्वतःहून त्यांच्या खुर्चीपाशी आली. डोळे रडून लाल झालेले.

"बाबा, तुम्हाला यातलं कळतं. नेट बघता का जरा?"

आता तिच्या रडण्याचं कारण सांगायला हवं. सूनबाईचा मोठा भाऊ जन्मापासून ऐकू न येणारा. त्यामुळे ती बोलायला लागली तेव्हाच हातांनीही बोलायला लागली. पुढे ती तेच शिकली आणि खुणांच्या भाषेची दुभाषी झाली. एका मोठ्या हॉस्पिटलला अशी माणसं हवी होती. ऐकू न येणारा पेशंट आला की डॉक्टरांनी व्हिडिओ लावायचा, आणि दुभाषीनं घरी बसून इकडचं तिकडे सांगायचं. तिचा भाऊ एकदा पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेला होता. कुठे दुखतंय ते समजून घ्यायला तिथे कुणी नव्हतं, आणि माणूस थोडक्यात वाचला. तेव्हापासून हेच काम करायचं असं तिनं मनाशी पक्कं केलेलं. परीक्षा व्हिडिओवरच होती. ऐन मध्यावर चित्र गोठलं, तुकडे तुकडे झालं, आणि परीक्षा तिथेच आटोपली. हॉस्पिटलवाले भले, म्हणाले, पुन्हा एकदा घेऊ. तिसऱ्यांदा मात्र नाही.

"आवाज येत होता ना पण?" काकांनी विचारलं. त्यांच्या खात्यात आवाज आला की लाइन चांगली.

"बाबा, माझ्या कामात आवाज अर्धाच आहे. बाकी सगळं हात. हात मध्येच थांबला की पेशंटला डावीकडे दुखतंय की उजवीकडे, कसं कळणार?"

काका उठले. पँट चढवली, कारण लेंगा घालून हे काम करणं त्यांना खात्याचा अपमान वाटला. कपाटावरची हत्यारांची जुनी पेटी खाली आली, तिच्यावरची धूळ काकूंनी आताच पुसलेल्या फरशीवर पडली, आणि मोहीम सुरू झाली.

पहिल्यांदा राउटर बंद करून चालू केला. मग तो हॉलमधून बेडरूममध्ये नेऊन बघू म्हणाले, पण वायर पुरेना. मग संशय शेजाऱ्यांवर गेला. "आपलं नेट ओढतायत ते." काकूंच्या मोबाइलवर संशय गेला, फ्रिजवर गेला, आणि एक अख्खी दुपार घरात कुणी मिक्सर लावायचा नाही असा हुकूम सुटला.

"मिक्सरचा आणि नेटचा काय संबंध?" काकू म्हणाल्या.

"तुला नाही कळायचं."

"तुम्हाला कळलंय का?"

काकांनी मोबाइल उचलला. त्यांनी कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला, म्हणजे आपण कसे बोलतो ते घराला ऐकू जावं.

"सर, एकदा राउटर बंद करून चालू करता का?" पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"ते मी तुमच्या आधी केलंय. पुढचं बोला."

"सर, केबल कुठे दुमडली किंवा आवळली गेली आहे का?"

झालं! काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो बाई, टेलिफोन खात्यातल्या माणसाच्या घरात केबल दुमडेल? या एकदा बघायला. फोटो काढून न्याल!"

फोटो काढण्यासारखीच होती ती, यात वाद नाही. परीक्षेच्या थोडं आधी नवं नेट बसवायला आलेल्या पोरांनी उरलेली केबल टेबलामागे तशीच भेंडोळं करून टाकली होती. ते गेल्या गेल्या काका गुडघ्यांवर बसले आणि खात्याच्या पद्धतीनं ती सगळी साबणाच्या वडीएवढ्या चपट्या लडीत गुंडाळली. कडा सरळ, घड्या सारख्या. वर मेण चोळलेला दोरा, आणि जागोजागी गाठी. ही मेणाच्या दोऱ्याची गाठ म्हणजे काकांची खासियत. एकदा मारली की मारली. त्यांनी मारलेली गाठ सुटली म्हणून खात्यात कधी तक्रार आली नव्हती. काकूंनाही त्यांनी ती लग्नानंतर लगेच शिकवली होती, आणि काकू आजही पिठाच्या पिशवीपासून जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यापर्यंत सगळं त्याच गाठीनं बांधत.

या सगळ्यात सूनबाईचा सराव चालूच होता. जेवणाच्या टेबलाशी ती समोर आरसा ठेवून बसे आणि काका-काकूंचं जे काही बोलणं चाले ते हातांनी सांगत राही. बोलणं म्हणजे भांडणच.

"'मी मीठ घातलंय,' असं आई म्हणाल्या," काका एकदा तिच्या हातांकडे बघून म्हणाले, "मग तू स्वतःकडे बोट का दाखवलंस? मीठ तू घातलंस का?"

"बाबा, त्या 'मी' म्हणाल्या की मीही 'मी'च म्हणायचं. दुभाषी मध्ये नसतोच. त्यानं काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. तोच तर नियम आहे."

हे काकांना भलतंच पटलं. "आमच्याकडे हेच! लाइनमधून जे आलं ते पुढे गेलं पाहिजे. जोडणाऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही."

"घरात मात्र ही शिस्त नाही," काकू म्हणाल्या, आणि सूनबाईनं तेही आरशाला सांगितलं.

शेवटी कंपनीचा माणूस आला. गोल, घामाघूम, हसतमुख. त्या वेळी घरात काका एकटेच होते. सूनबाई आणि काकू बाजारात गेलेल्या. खिडकीपाशी केबल आत येते तिथल्या डबीपासून त्यानं सुरुवात केली, मग टेबल पुढे ओढून मागे डोकावला आणि थबकला.

"वा! हे कुणी बांधलंय?"

काका याच प्रश्नाची वाट बघत होते. "मीच."

"काय सफाई आहे हो! आमच्या पोरांना सात जन्मांत जमणार नाही." मग त्यानं मान खाजवली. "काका, जरा पडदे ओढता?"

काकांनी पडदे ओढले. त्या माणसानं पेनासारखं एक यंत्र काढलं, केबलचं टोक त्यात खुपसलं आणि बटण दाबलं. अंधारात केबल दिसेनाशी झाली होती, पण लड दिसत होती. प्रत्येक घडीच्या वळणावर, प्रत्येक गाठीपाशी, लाल लाल उजेड बाहेर झिरपत होता. काकांना आधी ते फार सुंदर वाटलं. मग त्यांना कळलं.

"तुमच्या तांब्याच्या तारेतून वीज जायची, काका. तिला कसंही वळवा, तिचं काही बिघडत नाही," तो माणूस हळूच म्हणाला. "हे फायबर. यात आत काच आहे. काचेतून उजेड जातो. एवढं घट्ट वळण दिलं की तो आत राहत नाही, वाटेतच सांडतो. राउटरपर्यंत थोडाच पोचतो."

"म्हणजे हे... मीच?"

"तुम्ही मायेनं बांधलंत हो. पण गळा आवळलात तिचा."

काका खाली बसले. पहिली परीक्षा त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि सूनबाईचे लाल डोळे. घरातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता, फ्रिजवरसुद्धा. एकच माणूस राहिला होता.

फायबरवाल्यानं कात्रीनं जपून दोरे कापले, केबल मोकळी केली आणि तिचं परातीएवढं सैल कडं करून टेबलामागे जमिनीवर ठेवलं. "आता हिला हात लावू नका कुणी." मग काकांचं तोंड बघून त्याला दया आली. "वाईट नका वाटून घेऊ. घरी सांगू की इमारतीच्या खालच्या पेटीत बिघाड होता. शिव्या खायची आम्हाला सवयच आहे."

काका 'छे छे' म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण तेवढ्यात दार उघडलं आणि सूनबाई पिशव्या घेऊन आत आली.

"झालं, बाबा?"

फायबरवाल्यानं काकांकडे बघितलं.

"खालच्या पेटीत घोळ होता," काका म्हणाले. "मी म्हणतच होतो."

'मी म्हणतच होतो' ही पुरवणी मात्र त्यांची स्वतःची.

सूनबाईनं लगेच भावाला व्हिडिओ लावला. चित्र लख्ख. दोघं बहीणभाऊ हातांनी इतकं भराभर बोलत होते की काकांना डोळ्यांनी धरवेना. मग तिनं फोन काकांकडे फिरवला. "तो म्हणतोय, तुझ्या सासऱ्यांना माझा सलाम. त्यांनी कंपनीला सोडलं नाही म्हणून झालं." काकांनी सलाम घेतला. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. काकूंनी विचारलं तर म्हणाले, पोट बरं नाही.

पुढचे दिवस काका त्या टेबलाभोवती घिरट्या घालत राहिले. कुणी झाडू घेऊन तिकडे वळलं की ओरडत, "हात लावू नका त्याला!"

"का?" काकू विचारत.

"सांगितलं ना, नाही लावायचा."

"अहो पण किती बेंगरूळ दिसतंय ते! तुम्ही चालवून कसं घेता?"

यावर सांगण्यासारखं उत्तर एकच होतं, आणि तेच काकांच्या घशात अडकलं होतं. खरं सांगायचं तर आधी 'पेटीत घोळ नव्हता' इथपासून सुरुवात करावी लागणार. आज सांगू, उद्या सांगू, परीक्षा होऊन जाऊ दे, मग सांगू. असे ते स्वतःलाच वायदे करत राहिले.

परीक्षेचा दिवस उजाडला. राउटर हॉलमध्ये, म्हणून परीक्षाही हॉलमध्येच, टेबलाशी, राउटरला लॅपटॉप वायरनं जोडून. वरच्या मजल्यावर कुणी तरी भिंतीला भोकं पाडत होतं. त्यांना थांबवायला काकांना पाठवलं. ते काम एका मिनिटाचं, पण ड्रिल कुठल्या कंपनीचं, भिंत कसली, या विषयांवर काका तिथे रमले. खाली आले तेव्हा सूनबाई लॅपटॉपपुढे बसली होती आणि काकू ओठांवर बोट ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

पडद्यावर दोन परीक्षक होते, दोघंही खुणांची भाषा जाणणारे. एक चष्म्यातले गृहस्थ, ते डॉक्टर झाले होते. दुसऱ्या आखूड पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि त्या पेशंट झाल्या होत्या. सुरुवात छान झाली. गृहस्थ बोलले, सूनबाईचे हात बोलले. बाईंचे हात बोलले, सूनबाईचं तोंड बोललं. काकांची छाती फुगली. आणि बाईंचा हात पोटाशी जाता जाता हवेत अडकला.

मग सुटला. मग परत अडकला. बाईंच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे व्हायला लागले.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "तू तिथे काही केलंस?" त्यांनी काकूंच्या कानात विचारलं.

"काही नाही. नुसतं आवरलं," काकू कुजबुजल्या. "कॅमेऱ्यात दिसलं असतं ते जंजाळ. छान बांधून ठेवलं, तुमच्यासारखं."

"दोऱ्यानं?"

"मग काय! तुमच्याच गाठीनं."

सूनबाई पडद्यावर झुकली होती. "माफ करा, परत सांगता का?" असं ती दुसऱ्यांदा म्हणत होती. काकांनी टेबलाकडे बघितलं. आत्ता गेलं तर सगळं बाहेर येणार. नाही गेलं तर पोरीची परीक्षा जाणार, आणि तीही दुसऱ्यांदा, त्यांच्याच गाठीपायी. ते खाली बसले, हातांवर आणि गुडघ्यांवर आले, आणि हॉलमधून रांगत टेबलाखाली शिरले.

लड तिथे होती. साबणाच्या वडीएवढी, कडा सरळ, घड्या सारख्या. काकूंनी गुरूचं नाव राखलं होतं. कात्री मारायला काका धजेनात. चुकून केबलला लागली, आतली काच तुटली तर संपलंच. त्यांनी नखं लावली. गाठ हलेना. त्यांनी ओढलं, ढकललं, शिव्या घातल्या, अर्थात मनातल्या मनात. शेवटी दात लावले. टेबलाखाली पालथा पडून, स्वतःच शिकवलेली गाठ दातांनी सोडवणारा म्हातारा कुणी पाहिला नसेल तर त्या दिवशी काकूंनी पाहिला. पहिली सुटली. दुसरी सुटली. तिसरीच्या वेळी कवळी निसटली, ती त्यांनी खिशात टाकली आणि उरलेल्या दातांवर भागवलं. केबल मोकळी झाली, कडं सैल झालं, आणि काका दम खात सूनबाईच्या खुर्चीशेजारी वर आले. ते नेमके कॅमेऱ्यासमोर.

चित्र लख्ख झालं होतं. पांढऱ्या केसांच्या बाई डोळे विस्फारून बघत होत्या. त्यांचे हात हलले आणि सूनबाईचं तोंड आपोआप बोललं, "हे कोण आहेत? टेबलाखाली काय करतायत?"

काकांनी सूनबाईकडे बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं, पण हात तयार होते, छातीशी उचललेले. काकांनी कवळी बसवली आणि पडद्याकडे तोंड केलं. लांबच्या ट्रंक कॉलला बोलावं तसे मोठ्यानं बोलायला लागले.

"मॅडम, मी हिचा सासरा. नेट अडकत होतं ते माझ्यामुळे."

सूनबाईचे हात हलले. काका तिच्या हातांकडे बघतच बोलत राहिले, थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

"केबल मी आवळून बांधली होती. हिची मागची परीक्षा गेली ती त्याच्यापायी. मला नंतर कळलं. पण मी खोटं बोललो. खालच्या पेटीत घोळ आहे म्हणालो."

ती हे पहिल्यांदाच ऐकत होती. एका क्षणापुरते हात थांबले. मग तिनं स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं, आणि 'मी खोटं बोललो' हे जसंच्या तसं सांगितलं. काही गाळलं नाही.

"रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही, मॅडम. ही एकटी म्हणाली, बाबा, तुम्हाला यातलं कळतं, बघता का. आणि नेमकं तेच मी बिघडवलेलं निघालं! कुठल्या तोंडानं सांगू? सांगितलं असतं तर हिनं परत काही विचारलंच नसतं. म्हणून गप्प बसलो. माझी चूक हिच्या नावावर मांडू नका. एवढंच."

स्वयंपाकघराच्या दारात काकू पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. पांढऱ्या केसांच्या बाईंनी शेवटपर्यंत सगळं बघितलं. मग त्या हसल्या, आणि एक हात नुसता जरासा हलवला.

सूनबाई बोलली. एकेक शब्द स्पष्ट.

"तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत, तरी तुमच्या सुनेनं परत तुम्हालाच विचारलं असतं."

"थँक्यू, मॅडम," काका पडद्याला म्हणाले, आणि आले तसे रांगत परत गेले.

"अहो," काकू त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "त्या बाईंनी हात एवढासा हलवला आणि वाक्य एवढं मोठं?"

"हातांची भाषा आहे ती," काका नाक पुसत म्हणाले. "थोडक्यात बरंच मावतं. तुला नाही कळायचं."

निकाल आला तेव्हा सगळे हॉलमध्येच होते. सूनबाई पास झाली होती. काकूंनी तिला जवळ ओढलं, काकांनी आपण म्हणतच होतो असं सांगितलं.

"फक्त त्या चष्मेवाल्यांनी एक चूक दाखवलीय," सूनबाई हसत म्हणाली. "एका ठिकाणी दुभाषीनं पदरचं वाक्य घातलं."

काका भडकले. "कुठे? दाखवा म्हणावं! मी समोर होतो, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही! लाव त्यांना फोन, मी बोल—"

आणि ते मध्येच थांबले. सूनबाई त्यांच्याकडेच बघत होती.

"त्या बाई काय म्हणाल्या होत्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"'ठीक आहे, पुढे चला.' एवढंच."

काकांनी पेपर उचलला, तो उलटा होता, तोच वाचायला लागले. काकूंनी तो उलटा पेपर बघितला. त्यांनी सुनेला कोपरानं ढोसलं.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "नेट परत जरा अडकतंय बहुतेक. बघता का?"

नेट लख्ख चालू होतं. काका उठले, टेबलाखाली शिरले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.